अंपायर नाही, तरी शर्यत होते. चूक केली तर स्वतःच गोल फिरायचं! मॉडेल यॉटिंगमधली खिलाडूवृत्ती नेमकी चालते कशी?

सप्टेंबर २०२५. दुबईत आशिया चषकाचा भारत-पाकिस्तान सामना झाला. सामना संपल्यावर खेळाडूंचं हस्तांदोलन झालं नाही आणि पुढचे कित्येक दिवस सगळ्यांच्या टाइमलाइनवर एकच शब्द फिरत राहिला, 'खिलाडूवृत्ती'. त्याआधी जुलै २०२३ मध्ये लॉर्ड्सवर ॲलेक्स कॅरीने जॉनी बेअरस्टोला यष्टिचीत केलं तेव्हा, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये दीप्ती शर्माने चार्ली डीनला नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला धावबाद केलं तेव्हाही, वाद हाच होता.

या प्रत्येक वेळी दोन गट पडतात. एक गट म्हणतो, "नियमात बसतं ना? मग विषय संपला." दुसरा म्हणतो, "नियमात बसत असेल, पण हे खेळाला धरून नाही." म्हणजे नियम एका बाजूला आणि खिलाडूवृत्ती दुसऱ्या बाजूला, असं आपण गृहीत धरलेलं असतं.

पण समजा, एखाद्या खेळाने या दोन्ही गोष्टी एकत्रच बांधल्या असतील तर? मैदानात अंपायर नाही, थर्ड अंपायर नाही, रिप्ले नाही. चूक ज्याने केली त्यानेच ती मान्य करायची, लगेच शिक्षा भोगायची आणि पुन्हा शर्यतीत यायचं. आणि हे चांगुलपणा म्हणून नव्हे, नियम म्हणून.

असा खेळ आहे. त्याचं नाव मॉडेल यॉटिंग, किंवा आजच्या भाषेत रेडिओ सेलिंग. तळ्यात शिडाच्या छोट्या होड्या आणि काठावर हातात रिमोट घेऊन उभी असलेली माणसं. बघायला गंमत वाटते, पण खेळ कसा चालतो हे समजून घेतलं तर क्रिकेटच्या वादांकडेही जरा वेगळ्या नजरेने बघता येतं.

आधी हे सांगा, मॉडेल यॉटिंग म्हणजे काय?

पावसाळ्यात गल्लीतल्या पाण्यात आपण कागदी होड्या सोडायचो आणि कुणाची पुढे जाते ते बघायचो. त्याचंच मोठ्या माणसांनी अतिशय गांभीर्याने केलेलं रूप म्हणजे हा खेळ.

ब्रिटनमध्ये तो व्हिक्टोरियन काळापासून खेळला जातो. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधलं 'राउंड पाँड' हे १७३० मध्ये तयार झालेलं तळं या खेळाच्या जुन्या जागांपैकी एक. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधलं स्प्रेकल्स लेक आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधलं कॉन्झर्व्हेटरी वॉटर ही त्यातली प्रसिद्ध नावं. रेडिओ नव्हता तेव्हा शिडं आणि सुकाणू आधीच बांधून होडी सोडून द्यायची, आणि स्पर्धक हातात काठी घेऊन काठाकाठाने तिच्यामागे चालायचे.

आता रिमोट आला. पण मोटर फक्त दोन कामं करते: एक सुकाणू वळवते, दुसरी शिडाची दोरी सैल किंवा घट्ट करते. होडी पुढे ढकलायला इंजिन नाही. वारा आहे तेवढाच.

सध्या जगभर लोकप्रिय असलेला एक वर्ग म्हणजे 'इंटरनॅशनल वन मीटर'. हा वर्ग १९८८ मध्ये सुरू झाला. होडीची लांबी जास्तीत जास्त एक मीटर, वजन कमीत कमी चार किलो. आणि नाळेच्या अगदी टोकाला लवचीक रबराचा तुकडा, कारण धडक होणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. ही धडक पुढे महत्त्वाची ठरणार आहे, लक्षात ठेवा.

नियम कोण ठरवतं?

इथे पहिला धक्का बसतो. या खेळण्यासारख्या दिसणाऱ्या होड्यांना ऑलिंपिकमधल्या मोठ्या बोटींचंच नियमपुस्तक लागू होतं.

'वर्ल्ड सेलिंग' ही शिडांच्या बोटींच्या खेळाची जागतिक संघटना दर चार वर्षांनी 'रेसिंग रूल्स ऑफ सेलिंग' प्रसिद्ध करते. सध्याची आवृत्ती १ जानेवारी २०२५ पासून लागू झाली आहे आणि २०२८ च्या अखेरपर्यंत चालेल. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांमधलं सेलिंग आपल्या मुंबईत झालं होतं. तेव्हापासून आजपर्यंत आवृत्त्या बदलल्या, पण उजव्या-डाव्या वाऱ्याचा मूळ कायदा तोच आहे.

या पुस्तकात 'अपेंडिक्स ई' नावाचं एक परिशिष्ट आहे. ते खास रेडिओ सेलिंगसाठी. मोठ्या बोटींचे जे नियम तळ्यावर जसेच्या तसे चालणार नाहीत, तेवढे त्यात बदललेले आहेत. या खेळाची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संघटनाही आहे, इंटरनॅशनल रेडिओ सेलिंग असोसिएशन.

म्हणजे रविवारी सकाळी तळ्यावर जमलेले निवृत्त काका आणि ऑलिंपिकमध्ये पदकासाठी लढणारा खलाशी, दोघेही एकाच कायद्याखाली खेळतात.

पाण्यावरचे 'रस्त्याचे नियम' काय आहेत?

पुस्तक जाड आहे, पण रोजच्या शर्यतीत मोजकेच नियम पुन्हा पुन्हा कामाला येतात. ते असे:

१. वारा उजव्या बाजूने घेणाऱ्या बोटीला पहिला हक्क. या स्थितीला 'स्टारबोर्ड टॅक' म्हणतात. वारा डाव्या बाजूने येत असेल तर तो 'पोर्ट टॅक'. दोघी समोरासमोर आल्या तर पोर्टवालीने बाजूला व्हायचं.

२. दोघींचा वारा एकाच बाजूने असेल आणि त्या शेजारी-शेजारी असतील, तर वाऱ्याच्या दिशेला असलेल्या बोटीने दुसरीपासून दूर राहायचं.

३. एक पुढे आणि एक मागे असेल, तर मागचीने पुढचीला धडकायचं नाही. हायवेवरचाच नियम.

४. शर्यतीचा मार्ग बोयांनी आखलेला असतो. बोयाला वळसा घालताना आतल्या बाजूच्या बोटीला वळायला जागा द्यायची. पण कधी? मोठ्या बोटींसाठी बोयाभोवती तीन बोट-लांबींचा पट्टा मानला जातो. रेडिओ सेलिंगमध्ये तो चार लांबींचा आहे. पुढची बोट या पट्ट्यात शिरली त्या क्षणी दुसरीचा पुढचा भाग तिच्या शेजारी पोचलेला होता का, यावर सगळं ठरतं.

५. बोयाला स्पर्श करायचा नाही.

आणि या सगळ्यांवर एक नियम: हक्क तुमचा असला तरी शक्य असेल तर धडक टाळायची. २०२५ च्या आवृत्तीत हा नियम आणखी रुंद केला आहे. आता नुसती आपली धडक टाळून भागत नाही. शक्य असेल तर दुसऱ्या दोन बोटींची एकमेकींशी धडक होईल असंही वागायचं नाही. 'मी कुठे धडकलो? तेच दोघं धडकले' ही पळवाट त्यामुळे बंद झाली.

मग चूक झाली तर?

इथे या खेळाचा गाभा आहे.

नियमपुस्तकाच्या सुरुवातीलाच, क्रमांक असलेल्या नियमांच्याही आधी, खिलाडूवृत्तीवर एक छोटा परिच्छेद आहे. त्याचा सारांश असा: स्पर्धकांनी नियम पाळायचेही आहेत आणि अमलातही आणायचे आहेत, आणि आपण नियम मोडला हे कळल्यावर तातडीने योग्य ती शिक्षा घेणं, प्रसंगी शर्यत सोडणं, हे खिलाडूवृत्तीचं मूलतत्त्व आहे.

दोन क्रियापदं नीट वाचा: पाळणं आणि अमलात आणणं. पोलिस आणि नागरिक ही दोन्ही कामं एकाच माणसाला दिलेली आहेत.

शिक्षा काय? मोठ्या बोटींना साधारणपणे दोन गोल चकरा. रेडिओ सेलिंगमध्ये एक. इतरांच्या वाटेतून बाजूला व्हायचं आणि लगेच होडी पूर्ण गोल फिरवायची. एवढं केलं की प्रकरण मिटलं. ना वाद, ना गुण कपात. वाऱ्यानुसार त्यात काही सेकंद जातात, कदाचित तीन-चार जागा मागे पडता.

पण हिशोबी लोकांचाही विचार केलेला आहे. 'एक चक्कर मारू, पण नियम मोडून दहा जागा पुढे तर जाऊ' असं कुणी करू नये म्हणून शिक्षा घेऊनही फायदा उरत असेल तर आणखी एक चक्कर मारावी लागते. आणि तुमच्या चुकीमुळे समोरच्याची होडी निकामी होऊन तिला शर्यत सोडावी लागली, तर चक्कर चालत नाही. तुम्हीही शर्यत सोडायची.

आणखी एक बारकावा. शिक्षा घेण्यासाठी 'मी दोषी आहे' अशी खात्री व्हायची गरज नाही. नियम मोडला गेला असण्याची शक्यता वाटली तरी चक्कर मारता येते. म्हणजे शंका आली तर गोल फिरा आणि पुढे जा, ही सोय नियमांनीच दिली आहे.

एक उदाहरण बघू

समजा, शिडावर २७ क्रमांक असलेली होडी पोर्ट टॅकवर आहे आणि ६३ क्रमांकाची स्टारबोर्डवर. दोघी समोरासमोर येतायत. हक्क ६३चा. २७च्या चालकाला वाटतं, आपण पुढून निसटून जाऊ. नाही जात. ६३ची नाळ २७च्या मागच्या भागाला घासते.

आता तीन गोष्टी होऊ शकतात.

पहिली: २७चा चालक "माझी चूक" म्हणतो, बाजूला होतो, गोल फिरतो. दहा-पंधरा सेकंदांत विषय संपला.

दुसरी: तो काही बोलत नाही. मग ६३चा चालक मोठ्याने पुकारतो: "सहा तीन प्रोटेस्ट दोन सात." आधी आपला क्रमांक, मग 'प्रोटेस्ट' हा शब्द, मग समोरच्याचा क्रमांक. आकडे सुटे सुटे म्हणायचे, कारण गलक्यात सलग आकडा चुकीचा ऐकू येऊ शकतो. हे इतकं बारीकही नियमात लिहिलेलं आहे. ही हाक ऐकून २७चा चालक चक्कर मारू शकतो. नाही मारली तर शर्यत संपल्याबरोबर ६३ने अधिकाऱ्याला कळवायचं आणि सुनावणी होते.

तिसरी: ६३चा चालक मनात म्हणतो, "जाऊ दे. आपल्यातलाच आहे. रविवारी सकाळी कशाला कटकट?" आणि गप्प राहतो.

यातली चांगली खिलाडूवृत्ती कोणती? पहिली, हे उघड आहे. पण दुसरी आणि तिसरी यांत निवडायला सांगितलं तर आपल्यातले बहुतेक जण तिसरीला हात वर करतील. समजूतदार माणूस वाटतो तो.

नियमपुस्तकाचं उत्तर मात्र दुसरी आहे.

'जाऊ दे ना' मध्ये वाईट काय आहे?

गल्ली क्रिकेट आठवा. बॅटिंग करणाऱ्या टीमचाच एक जण अंपायर. कॅच टप्पा पडून होता की थेट, यावर 'आईशपथ' घेतली जायची. आणि फारच ताणलं तर ज्याची बॅट त्याचा निर्णय. कारण तो घरी गेला तर खेळच बंद.

अंपायर नसलेल्या प्रत्येक खेळाला हा धोका असतो. नियम कुणीच मागितला नाही, तर नियमाची जागा रिकामी राहत नाही. तिथे मोठा आवाज बसतो, ज्येष्ठता बसते, बॅटचा मालक बसतो.

तळ्यावरही तेच होऊ शकतं. समजा, २७चा चालक क्लबमधला सर्वांत जुना माणूस आहे. तो दर रविवारी असाच घुसतो आणि सगळे दर रविवारी 'जाऊ दे' म्हणतात. वरवर क्लब अगदी प्रेमळ आहे. पण नवीन आलेल्या मुलीला काय शिकायला मिळतं? की पुस्तकात लिहिलेले नियम तिच्यासाठी आहेत, त्यांच्यासाठी नाहीत. ती दोनदा बाजूला होते, तिसऱ्यांदा येत नाही.

दुसरं नुकसान तिसऱ्याच माणसाचं होतं. ६३ने २७ला माफ केलं, पण ही माफी दोघांपुरती राहत नाही. २७ चक्कर न मारता पुढे गेला, म्हणून जो प्रामाणिकपणे मागे होता त्याची एक जागा गेली. त्याला कुणी विचारलंच नाही. ६३ने दाखवलेल्या उदारपणाचं बिल त्याच्या नावावर फाटलं.

म्हणूनच नियम 'अमलात आणणं' हाही खिलाडूवृत्तीचाच अर्धा भाग आहे. चूक कबूल करणं हा एक अर्धा, आणि समोरच्याला शांतपणे जाब विचारणं हा दुसरा.

पण मग सगळेच खोटं बोलत असतात का? वाद का होतात?

नाही. आणि हे समजून घेणं फार गरजेचं आहे.

मोठ्या बोटीत खलाशी बोटीवर बसलेला असतो. इथे चालक काठावर असतो आणि होडी कित्येक मीटर लांब. कॅरममध्ये सोंगटी रेषेला टेकली आहे का, हे समोर बसलेल्याला आणि बाजूला बसलेल्याला वेगवेगळं दिसतं ना? अगदी तसंच. चार लांबींचा पट्टा सुरू झाला तेव्हा मागच्या होडीची नाळ पुढचीच्या शेजारी आली होती का, हे दहा पावलं अलीकडे उभ्या असलेल्याला 'हो' दिसतं आणि दहा पावलं पलीकडच्याला 'नाही'. दोघेही खरं बोलत असतात.

यावरही नियमांत तोड आहे. शेजारी वेळेत पोचल्याबद्दल रास्त शंका असेल, तर ती पोचली नव्हती असं धरायचं. म्हणजे शंका असताना आत घुसायचं नाही.

दुसरं कारण धडकेचं. मोठ्या बोटींची धडक झाली तर माणूस जखमी होतो, लाखोंचं नुकसान होतं. भीतीच शिस्त लावते. इथे चार किलोची होडी, नाळेला रबर, आणि चालक काठावर सुरक्षित. धडकेची किंमत जवळपास शून्य. भीती गेली की शिस्तीला एकच आधार उरतो, तो म्हणजे चालकाची स्वतःची तयारी. त्यामुळे एका अर्थाने खिलाडूवृत्तीची खरी परीक्षा समुद्रापेक्षा तळ्यावरच जास्त होते.

प्रोटेस्ट म्हणजे भांडण नाही का?

शब्दाने घोळ होतो. मराठीत 'निषेध' म्हटलं की काळे झेंडे आठवतात. सेलिंगमध्ये प्रोटेस्टचा अर्थ फक्त इतकाच: 'इथे नियम मोडला गेला असं मला वाटतं, तपासूया.' तू खोटारडा आहेस, असा आरोप त्यात नाही.

सुनावणीची पद्धतही तशीच आहे. ज्यांचे हितसंबंध गुंतलेले आहेत ते निर्णय देणाऱ्यांमध्ये बसत नाहीत. दोन्ही बाजूंना हजर राहायचा, बोलायचा आणि साक्षीदाराला प्रश्न विचारायचा हक्क असतो. बरेचदा टेबलावर छोट्या खेळण्यातल्या होड्या ठेवून कोण कुठे होतं ते दाखवलं जातं. आधी घडलं काय ते ठरतं, मग कोणता नियम मोडला ते, मग निकाल.

शिवाय घटना घडली की लगेच हाक मारायची अट आहे. संध्याकाळी घरी जाऊन क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'काही लोकांना नियम माहीत नसतात' असं टाकणं म्हणजे प्रोटेस्ट नव्हे. त्याला फक्त टोमणा म्हणतात. आणि आपल्या सोसायटीच्या ग्रुपपासून ऑफिसच्या ग्रुपपर्यंत आपण हेच करतो: समोर बोलत नाही, मागून बोलतो.

बेशिस्तीसाठी मात्र वेगळे आणि कडक नियम आहेत. जाणूनबुजून अन्यायाने खेळणं, म्हणजे 'फेअर सेलिंग'चा नियम मोडणं, सिद्ध झालं तर शर्यतीतून बाद केलं जातं. एरवी मालिकेत सर्वांत वाईट निकाल वगळता येतो. हा निकाल वगळताही येत नाही. प्रामाणिक चूक आणि लबाडी यांत नियमपुस्तक असा स्पष्ट फरक करतं. पहिलीला एक चक्कर, दुसरीला पुसता न येणारा डाग.

मग अंपायरच का नेमत नाहीत?

अगदीच नसतात असं नाही. शर्यतीसाठी निरीक्षक नेमता येतात, आणि ते त्या वेळी शर्यतीत नसलेले स्पर्धकही असू शकतात. पण त्यांचं काम बघा. दोन होड्यांचा किंवा होडी आणि बोयाचा स्पर्श झाला की ते क्रमांक पुकारतात. चूक कुणाची, हे सांगत नाहीत. ती जबाबदारी पुन्हा चालकांवरच. कुणीच चक्कर मारली नाही, तर न मिटलेली घटना म्हणून ते अधिकाऱ्यांना कळवतात.

मोठ्या स्पर्धांमध्ये पाण्यावरच निर्णय देणारे पंचही असतात. त्याचा फायदा आहेच. वाद लवकर मिटतात, सुनावण्यांत दिवस जात नाही. पण पंच आला की खेळाडूचा प्रश्न हळूच बदलतो. 'मी नियम मोडला का?' याऐवजी 'त्यांनी बघितलं का?' असा प्रश्न मनात येतो. क्रिकेटमध्ये बॅटची कड लागली हे माहीत असूनही अंपायरच्या बोटाची वाट बघत उभं राहणं आपण सगळ्यांनीच स्वीकारलंय. सिग्नलवर कॅमेरा आहे का बघून ब्रेक दाबणारेही आपणच.

छोट्या क्लबला तर पंच परवडतच नाही. आठ-दहा जण जमले असतील तर पंच व्हायला कुणाला तरी खेळ सोडावा लागेल. त्यामुळे त्यांच्याकडे एकच पर्याय उरतो, एकमेकांवरचा विश्वास. आणि तो विश्वास दर रविवारी नव्याने कमवावा लागतो.

उदारपणा आणि कर्तव्य: दोन वेगळ्या गोष्टी

खिलाडूवृत्ती म्हटलं की आपल्याला मोठ्या मनाच्या गोष्टी आठवतात. फेब्रुवारी १९८०, वानखेडेवरची सुवर्णमहोत्सवी कसोटी. इंग्लंडच्या बॉब टेलरला अंपायरने बाद दिलं होतं. कर्णधार गुंडप्पा विश्वनाथने त्याला परत बोलावलं. टेलरने इयान बोथमसोबत मोठी भागीदारी केली आणि भारत तो सामना दहा गड्यांनी हरला. तरी आज त्या सामन्यातली विश्वनाथची ती कृती आठवली जाते.

सेलिंगमध्येही अशा गोष्टी आहेत. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये कॅनडाचा लॉरेन्स लेम्यू शर्यतीत दुसऱ्या क्रमांकावर असताना मार्ग सोडून गेला, कारण सिंगापूरचे दोन खलाशी खवळलेल्या समुद्रात अडचणीत होते. त्याने त्यांना वाचवलं. पंचांनी त्या शर्यतीतला दुसरा क्रमांक त्याला परत दिला. पदक मिळालं नाही, पण खिलाडूवृत्तीसाठीचं पिएर द कुबेर्तँ पदक मिळालं.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अंतिम शर्यतीच्या तोंडावर डेन्मार्कच्या जोडीची डोलकाठी मोडली. क्रोएशियाच्या जोडीने आपली बोट त्यांना दिली. डेन्मार्कने सुवर्ण जिंकलं. या बदललेल्या बोटीवर प्रतिस्पर्ध्यांनी आक्षेपही घेतले. सुवर्ण कायम राहिलं. गंमत बघा, बोट देणारे मोठ्या मनाचे होते म्हणून आक्षेप घेणारे वाईट ठरत नाहीत. त्यांनी नियमाने दिलेला हक्क नियमाने दिलेल्या मार्गाने वापरला.

हे सगळे प्रसंग उदारपणाचे आहेत. विश्वनाथने किंवा क्रोएशियाच्या जोडीने तसं केलं नसतं तरी त्यांना कुणी दोष दिला नसता. म्हणूनच ते थोर.

चक्कर मारणं मात्र वेगळं आहे. त्यात थोर काही नाही. ते देणं आहे. दुकानदाराने चुकून जास्त सुट्टे पैसे दिले तर परत करणं हा जसा दानधर्म नसतो, तसंच. आपली गडबड इथे होते. आपण उदारपणाची उदाहरणं पाठ करतो आणि कर्तव्याला उदारपणा समजतो. मग चूक कबूल करणाऱ्यासाठी टाळ्या वाजवतो, आणि न करणाऱ्याला 'चालायचंच' म्हणून सोडून देतो.

क्रिकेटच्या नियमकर्त्यांनीही याच दिशेने एक पाऊल टाकलं आहे. नॉन-स्ट्रायकरला धावबाद करणं हे आधी 'अनफेअर प्ले'च्या कलमात होतं. ऑक्टोबर २०२२ पासून ते साध्या 'रन आउट'च्या कलमात आलं. म्हणजे नियम मागणारा गुन्हेगार नाही, हे कागदावर तरी मान्य झालं. लोकांच्या मनात उतरायला वेळ लागेल.

तर यातून आपण काय घ्यायचं?

मॉडेल यॉट क्लब चालवणाऱ्यांसाठी उत्तर फार अवघड नाही. नवीन सदस्याला पहिल्याच दिवशी पाच मूळ नियम आणि एक चक्कर शिकवा. जुन्या सदस्यांनी, शंका असली तरी, सगळ्यांसमोर चक्कर मारून दाखवा. नवीन लोक पुस्तकातून शिकत नाहीत, बघून शिकतात. कुणी प्रोटेस्टची हाक दिली तर तिला तोंड वाकडं करू नका. आणि निकाल काहीही लागो, चहा एकत्र प्या.

उरलेल्या आपल्यासाठीही तेच लागू आहे, फक्त तळं वेगळं. सोसायटीत कुणाची गाडी दुसऱ्याच्या जागेत लागते. ग्रुप प्रोजेक्टमध्ये एक जण काहीच करत नाही. रांगेत कुणी मध्ये घुसतो. आपण एकतर गप्प बसतो किंवा एकदम भडकतो. मधला एक रस्ता आहे हे विसरतो: जागच्या जागी, नाव घेऊन, शांतपणे सांगणं. आणि आपल्याला कुणी तसं सांगितलं तर 'तू कोण विचारणारा' न म्हणता एक चक्कर मारून मोकळं होणं.

पाच वेळा ऑलिंपिकमध्ये नव्हे, सलग चार ऑलिंपिकमध्ये, १९४८ ते १९६०, सुवर्ण जिंकणारा डेन्मार्कचा खलाशी पॉल एल्व्हस्ट्रॉम म्हणत असे की प्रतिस्पर्ध्यांचा आदर गमावून जिंकलेली शर्यत ही जिंकलेली शर्यत नव्हेच.

लंडनच्या किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या तळ्यावर एखाद्या सकाळी तुम्हाला मधूनच एक होडी काही कारण नसताना स्वतःभोवती गोल फिरताना दिसली, तर तिचं सुकाणू बिघडलं असं समजू नका. काठावर कुणीतरी नुकतंच म्हणालंय, "माझी चूक."